आलेख वाचणाऱ्या सिस्टर

कुठलाही आलेख समोर ठेवला की सिस्टर आधी विचारायच्या, "मॅडम, हे मोजलं कुनी?" बाकीचा वर्ग 'राइज' आणि 'फॉल' शोधायच्या मागे लागलेला असे, सिस्टरांना मात्र त्या रेघेमागे वही घेऊन उभं असलेलं माणूस दिसे. सोळा वर्षं वॉर्डात तापाचे तक्ते भरलेल्या बाईला रेघ आपोआप उमटते, हे पटणंच अवघड होतं.

ओतूरला एसटी स्टँडमागे माझा इंग्रजीचा क्लास आहे. परदेशात नर्सचं काम मिळवायला जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात एक आलेख देतात आणि त्याचं इंग्रजीत वर्णन करायला सांगतात. त्यासाठी सिस्टर यायच्या. माहेर-सासर दोन्ही आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या भात-नाचणीच्या गावांत. वय चाळिशीला टेकलेलं, वर्गातले बाकी सगळे विशीतले. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, तरी मला 'मॅडम' आणि 'तुमी'.

औषधांची रिकामी खोकी उलगडून आतल्या बाजूला त्या शब्द लिहायच्या आणि ड्युटीवरून येताना एसटीत पाठ करायच्या. 'स्लाइटली' म्हणजे थोडं, 'ग्रॅज्युअली' म्हणजे हळूहळू, 'शार्पली' म्हणजे एकदम. 'फ्लक्चुएट' तोंडात बसायला आठवडा गेला. "येक दिवस चढतो, येक दिवस उतरतो, असला ताप लई बघितला. पन त्याला येवढं मोठं नाव असंल, असं वाटलं न्हवतं," म्हणाल्या.

त्यांचं अडायचं दुसरीकडेच. दिसतं तेवढंच लिहायचं, कारण नाही, मत नाही, हे मी वर्गात रोज सांगायची. सिस्टर कुठल्याशा देशातल्या चहाच्या खपाबद्दल नीट लिहायच्या आणि शेवटी जोडायच्या की तिकडे थंडी वाढली असणार, म्हाताऱ्या माणसांनी जपावं. मी लाल शाईनं खोडायची. परीक्षेत दोनदा अर्धा-अर्धा गुण कमी पडला.

त्याच पावसाळ्यात माझ्या वडिलांना डेंगी झाला. प्लेटलेट रोज खाली येत होत्या. चौथ्या दिवशीचा रिपोर्ट घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसले, तेव्हा आकडा आणखी उतरलाय, याच्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. सिस्टरांना फोन केला. सकाळची ड्युटी संपवून त्या तशाच आल्या, चारही रिपोर्ट मागून घेतले आणि एकाच्या पाठकोऱ्या बाजूवर चार ठिपके काढून जोडले.

"हे बगा मॅडम. पयल्या दोन दिवसांत शार्पली पडलं. काल-आज स्लाइटली. पडतंय अजून, पन पडायचा जोर कमी झालाय. मला दिसतंय तेवढंच सांगते. बरं व्हतील, असं मी म्हनत न्हाई."

मला रडू फुटलं. तेव्हा त्यांनी मला जवळ ओढलं आणि पहिल्यांदाच "पोरी" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आकडा तिथेच थांबला, तिसऱ्या दिवशी चढला. आठवड्याभरात वडील घरी आले.

त्यानंतर सिस्टरांच्या पेपरात एकही जादा वाक्य आलं नाही. हे कसं जमलं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या टायमाला जिभेवर आलेलं गिळलं. आता चहाचं काय अवघड?" तिसऱ्या खेपेला त्या पास झाल्या.

जानेवारीत त्या इंग्लंडला निघाल्या. त्यांचे यजमान शेती बघतात; बोलणं अगदी कमी. त्यांनीच बॅग एसटीत चढवली. मुलगी शाळेची परीक्षा असल्यानं आली नव्हती. सिस्टर खिडकीतून तिच्या डब्याचं, गोळ्यांचं सांगत राहिल्या आणि गाडी हलली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर यजमान माझ्याजवळ आले.

"मॅडम, तिकडं आत्ता किती वाजलं असतील?"

मी म्हटलं, साडेपाच तास मागे धरा.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि तिथंच उभ्या उभ्या काटे मागे फिरवले. मी बघतेय हे लक्षात आल्यावर जरा ओशाळले.

"हितली येळ मोबाइलात हायेच," म्हणाले. "ती ड्युटीवर असताना फोन लागाया नको."

घड्याळ परत मनगटावर बांधून त्यांनी मोटारसायकलला किक मारली.