कॉम्प्युटर लॅबमधले रुमाल

खारघरच्या आमच्या डिझाइन कॉलेजात सकाळी लॅब उघडली की दारात अशी रेटारेटी व्हायची की वाटावं, आत फुकट जिलेब्या वाटतायत. पोरं बॅगा फेकायची, पोरी ओढण्या फेकायच्या, आणि तेजस नावाचा एक महाभाग तर खिडकीतूनच रुमाल टाकायचा, एसटीत टाकतात तसा. जागा धरायला! कारण ज्याचं काम ज्या कॉम्प्युटरवर सुरू झालं, ते तिथेच अडकलेलं. त्या जागी दुसरं कुणी बसलं की दिवस फुकट. पेनड्राइव्ह आणायला बंदी, का तर व्हायरस येतो. मी तिथे इंटिरिअर शिकवते. माझा निम्मा तास 'ऊठ, ती माझी जागा आहे' ही भांडणं सोडवण्यात जायचा आणि माझं डोकं फिरायचं.

ही लॅब सांभाळायची उन्नती. सारसोळे गावच्या कोळीवाड्यातली, चाळिशीला टेकलेली, दरवर्षी नव्या काँट्रॅक्टवर. तिचा आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून तिनं कुणालाही हाक मारली तरी गेटवरचा वॉचमन 'आलो' म्हणतो. तिचे वडील वामनदादा खाडीत मासेमारी करतात. 'तुमची पोरगी काय करते?' असं गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, "कॉलेजात हाय, काँप्युटरमधी." त्यापुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एक दिवस उन्नती प्राचार्य उदयसिंह सरांच्या केबिनमध्ये शिरली. भांडणांची तक्रार घेऊन मी तिथे आधीच बसले होते.

"सर, पोरांचं काम त्या डब्यांत कशाला ठेवायचं? मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर प्रत्येकाचा एकेक फोल्डर करते. पोरानं कुठल्याही कॉम्प्युटरवर आपलं नाव नि पासवर्ड टाकला की त्याचा फोल्डर आपोआप तिथं जोडला जाईल. तो उठला की सुटेल. माउंट करणं म्हणतात त्याला."

सरांनी चष्मा काढला. "उन्नतीताई, लॅब बाहेरच्या कंपनीला द्यायचं ट्रस्टींच्या मनात आहे. मुलांच्या कामाच्या प्रदर्शनाला ते येतील तेव्हा त्यांच्यासमोर करून दाखवा. जमलं तर तुम्हाला कायम करायला मी भांडेन. गोंधळ झाला, तर यंदाचं काँट्रॅक्ट शेवटचं समजा."

बाहेर आल्यावर मी तिला झापलं, "अगं, आ बैल मुझे मार! कुणी सांगितलं होतं?"

"टेन्शन नका घेऊ मॅडम. मी करून बघितलंय ना! कुठंही बसले तरी माझा फोल्डर धावत येतो."

प्रदर्शनाच्या दिवशी ट्रस्टी येऊन उभे राहिले आणि उन्नती गरजली, "आज कुणी आपल्या जागेवर बसायचं नाही!" पोरं जीव मुठीत धरून परक्या खुर्च्यांवर बसली. सगळ्यांनी आपापली नावं टाकली. मग निशिगंधा नावाची पोरगी किंचाळली, "अय्या उन्नती मॅडम, या तुम्ही?"

प्रत्येक स्क्रीनवर उन्नतीचाच फोल्डर! आणि त्यात भावाच्या हळदीचे फोटो, बाई पिवळ्याधम्मक होऊन नाचतायत. तेवढ्यात कुणा वात्रटानं व्हिडिओ लावला आणि लॅबमध्ये हळदीतला बेंजो बँड दणाणला. एका ट्रस्टींची मान ठेक्यावर हलायला लागली होती. सरांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. मला तर वाटलं, संपलं, गेली हिची नोकरी.

उन्नती पांढरीफटक पडली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि ओरडली, "आलं! सगळीकडं आलं!"

"काय आलं? अब्रू गेली!" मी म्हटलं.

"नाही हो मॅडम, जोडणी एकदम बरोबर आहे! करून बघताना मी सर्व्हरला दिलेल्या जोडणीच्या सूचनेत माझंच नाव नि पासवर्ड लिहिला होता, तो काढायचा राहिला. म्हणून सगळ्यांना माझाच मिळाला!"

ती मागच्या खोलीत धावली. आपलं नाव पुसलं आणि लिहिलं, जो बसेल त्याचं नाव घे. "सगळे कॉम्प्युटरमधून लॉगआउट करा आणि परत नाव टाका!" तिथूनच तिची आरोळी आली. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर तेजसनं नाव टाकलं आणि त्यानं काढलेलं हॉटेलचं ड्रॉइंग समोर उघडलं. "आलं रे!" मग निशिगंधाचं आलं, मग सगळ्यांचंच! शिट्ट्या, टाळ्या, नुसता गलका. पोरं मुद्दाम खुर्च्या बदलून बघत होती. मीही बदलली, खोटं कशाला बोलू! बोंबाबोंब ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

सर शब्दाला जागले. उन्नती कायम झाल्याचं कळलं त्या दुपारी वामनदादा कोळंबीच्या कालवणाचा डबा घेऊन लॅबमध्ये आले. उन्नतीनं त्यांच्याही नावाचा फोल्डर केला होता. त्यांनी एका बोटानं आपलं नाव टाकलं आणि समोर त्यांच्या होडीचा फोटो आला.

त्यांनी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "आनि मी तिकरं बसलो तं?"

"बसा की."

ते उठले आणि उठताना खुर्चीवर रुमाल टाकला. एसटीतली सवय! खिडकीजवळ बसून पुन्हा एका बोटानं नाव टाकलं. होडी आली.

"उन्नते, ही तं माझ्यामांगं आली!"

"जिथं बसाल तिथं येल, बाबा."

"हे तू केलंस?"

"मीच केलं."

"आता कोनी इचारलं तं सांगाला येल मना," ते म्हणाले.

मी पहिल्या खुर्चीवरचा रुमाल आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात ठेवला नाही, डोळ्यांना लावला.