कढीपत्त्यावरच्या अळ्या

आमच्या वेरिबीच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे होत असतील, तर ते कढीपत्त्याचे. डँडेनॉन्गच्या मैत्रिणीने दिलेलं वीतभर रोप मी मेलबर्नच्या थंडीत पाच वर्षं जगवलं. हिवाळ्यात कुंडी हॉलमध्ये, खिडकीशी. "मला ताप आला तरी एवढं करत नाहीस," असं नवरा म्हणायचा, आणि ते खरं होतं.

उन्हाळ्यात कुंडी मागच्या अंगणात गेली की तिच्यावर अळ्या यायच्या. काळ्या, पिवळ्या ठिपक्यांच्या. डिवचलं की डोक्यातून दोन केशरी शिंगं काढून सडक्या लिंबासारखा वास सोडायच्या. रोज चहाच्या आधी मी पानं उलटून बघायची, एकेक खाली पाडायची आणि चपलेने चिरडायची. माझ्या फोडणीत कुणी तोंड घालायचं काम नाही.

त्यात लेकीला फुलपाखरांचं वेड लागलं. वय वर्षं नऊ. दर शनिवारी मी तिला गावाबाहेरच्या गवताळ टेकडीवर न्यायची. टेकडी आपली म्हणायची. पर्वती चढलेला माणूस तिला उंचवटा म्हणेल. तिथे एक गोऱ्या आजीबाई मुलांना फुलपाखरं आणि पतंग ओळखायला शिकवायच्या. लेकीच्या वहीत तीन रकाने होते: नाव, तारीख, आणि आधी कोणी पाहिलं. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तिचंच नाव. भर दुपारच्या उन्हात उडणारा एक पतंगही तिने टिपला होता. त्याला म्हणे खायला तोंडच नसतं. आमच्या घरात त्याचं कठीण होतं.

एकच फुलपाखरू राहिलं होतं. काळं-पांढरं, मागच्या पंखांवर लाल-निळे ठिपके असलेलं. त्याचे नर टेकडीच्या माथ्यावर माद्यांची वाट बघत घिरट्या घालतात, म्हणून लेक माथ्यावर तासन्‌तास बसायची. चार शनिवार गेले. पाचव्या शनिवारी ती रडकुंडीला आली. "दे आर ऑल गॉन, आई."

आजीबाईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, हे फुलपाखरू लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं, करी लीफवरसुद्धा. घरी अळ्या शोध. काळ्या, पिवळ्या ठिपक्यांच्या, डिवचल्या की केशरी शिंगं काढतात.

मी लगेच पिशवी आवरायला घेतली.

गप्प बसता आलं असतं. पण परतताना गाडीत तीच म्हणाली, "आई, आपल्याकडे करी लीफ आहे ना!" एवढ्या आशेने म्हणाली की मला खोटं बोलवेना.

"त्या अळ्या यायच्या गं. मी मारल्या."

"ऑल ऑफ देम?"

"दिसल्या तेवढ्या."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस ती फक्त बाबाशी बोलली. मला फार वाईट वाटलं. वर स्वतःचा रागही आला, कारण या बाबतीत मला दुसऱ्या कुणावर रागवायलाही जागा नव्हती.

मंगळवारी सकाळी सवयीने पान उलटलं, तर मसुराएवढी एक अळी. मी लेकीला हाक मारली. ती आली आणि स्टूल आणून कुंडीपाशी बसली. पुढच्या तीन आठवड्यांत त्या एकट्या अळीने रोपाचा पार खराटा केला.

"आज पोह्यात कढीपत्ता नाही?" नवऱ्याने विचारलं.

"पाहुणे जेवतायत," मी म्हटलं. लेक खुदकन हसली. किती दिवसांनी!

अळीचा कोश झाला, आणि एका सकाळी त्याचं नुसतं टरफल उरलं. आम्ही उठायच्या आत पाहुणी गेली होती. लेक म्हणाली, "डझन्ट काउंट. आय डिडन्ट सी इट."

त्यानंतरच्या शनिवारी ती टेकडीवर गवतात वाकून काहीतरी बघत होती. मी कंबर मोकळी करायला उभी राहिले, तर खांद्यावरून काहीतरी काळं-पांढरं गेलं. "अगं, बघ! बघ ना!" मी एवढ्याने ओरडले की आजीबाई दचकल्या. ते फिरून परत आलं. लाल ठिपके, निळे ठिपके. लेक उड्या मारत होती. ते आमचंच होतं की नाही, देव जाणे.

मग तिने वही उघडली. नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "आई."

"तुझं लिही गं, एवढे शनिवार तू बसलीस."

"नो, आई. यू सॉ इट फर्स्ट."

तिचं बरोबरच होतं. पाच उन्हाळे सगळ्यांच्या आधी मीच पाहत आले होते, हातात चप्पल घेऊन.