झबल्यासाठी मागितलेलं धोतर

बेडसे गावात जन्माला येणाऱ्या पोराची आईच्या पोटातून सुटका होते, पण अंबूबाईच्या सुईतून होत नाही. दवाखान्यातून घरी फोन यायचा असतो आणि इकडे अंबूबाई दारातल्या उजेडात पाय पसरून कापड बेतायला बसलेली असते. झबलं, टोपडं, दुपटं आणि बाळाच्या अंगाखाली घालायची मऊ गोधडी, एवढं सगळं ती हातानं शिवते. मशीन तिला चालत नाही. मशीनची शिवण लेकराला बोचते, असं ती सांगते. खरं कारण असं, की मशीन घरात आलं तर ते सुनेलाही चालवता येईल.

बाईच्या हातात कला आहे, हे तिच्या वैऱ्यांनाही मान्य आहे. झबल्याच्या सगळ्या शिवणी ती बाहेरच्या अंगाला घेते, म्हणजे आतून बाळाला काही टोचत नाही. बटण नाही, हूक नाही, मागं फक्त दोन नाड्या. तळेगावच्या सोसायटीत दिलेल्या लेकीबाळींच्या सासरी मात्र हे झबलं उलटं वाटतं. तिथल्या सासवा ते सुलटं करून घालतात, शिवणी आत जातात, पोर रडतं आणि मग अंबूबाई आठवडाभर त्या सोसायटीचा उद्धार करत बसते.

पण खरी गंमत शिवणकामात नाही, कापडात आहे. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, हा इथला रिवाज. कुणीतरी वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड हवं, आणि तेही मागून आणलेलं. ज्याच्या अंगचं कापड, त्याचा गुण लेकराला लागतो म्हणे. बाळाकडच्या बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, नारळ पुढं करायचा आणि म्हणायचं, "तुमच्या अंगचं कापड द्या. लेकरू तुमच्यावानी व्हऊ द्या." हे शब्द तोंडानं म्हणावेच लागतात. गुपचूप उचलून आणलं तर नुसतं कापड येतं, गुण मालकाकडंच राहतो. कुणाचं कापड मागावं याचा निकाल अर्थात अंबूबाई देते. तिच्यावर अपील नाही.

पूर्वी निकाल सोपा असे. दीर्घायुष्य हवं तर एखाद्या थकल्या म्हातारीचं लुगडं, विद्या हवी तर मास्तरांचं धोतर, ताकद हवी तर पहिलवानाचं मुंडासं. आता मास्तरांच्या धोतरात वाढलेला बजरंग चौथीत दोनदा बसला आणि पहिलवानाच्या मुंडाशात वाढलेला गेणू वारा सुटला की घराबाहेर पडत नाही, ही गोष्ट वेगळी. अंबूबाईच्या शास्त्राला त्यानं ओरखडाही उठला नाही. "मी काय करू? आयनं कढत पाण्यात धुतलं आसंल. गुण गेला वाहून," असं सांगून ती मोकळी होते.

पुढं दिवस पालटले. गावात सुती कापड घालणारं माणूस औषधाला मिळेना. लुगडी गेली, गाऊन आले. धोतरं गेली, ट्रॅक पँटी आल्या, आणि ट्रॅक पँटीचं झबलं होत नाही. शिवाय लोकांची आवडही बदलली. विद्या, ताकद, आयुष्य यांतलं आता कुणाला काही नको होतं. सगळ्यांना एकाच माणसाचं कापड हवं होतं, आणि तो म्हणजे चौथीत दोनदा बसलेला बजरंग.

बजरंग आता बजरंगशेठ झाला होता. लोणावळ्यापासून पवनेच्या काठापर्यंत कुणाची जमीन कुणाच्या गळ्यात घालायची, हा त्याचा धंदा. पांढरी गाडी, पांढरा बूट, पांढरा लिननचा शर्ट. डोंगरातली लेणी पाहायला येणारे पाहुणे लेण्यांबरोबर त्याच्या बंगल्याचाही फोटो काढून नेतात, कारण दोन्हींचे खांब सारखेच जाड आहेत. अशा माणसाचा गुण आपल्या पोराला लागावा असं कोणत्या आईला वाटणार नाही? बाया नारळ घेऊन बंगल्यावर जायच्या, शेठ एक जुना शर्ट काढून द्यायचा, आणि अंबूबाई त्याची झबली करायची. गावातली रांगणारी पिढी बघता बघता लिननमध्ये गेली.

या सगळ्या उलाढालीत एक माणूस ओट्यावर बसून असायचा. तो अंबूबाईचा नवरा, हौशीराम.

हौशीरामानं आयुष्यात काय केलं, असं विचारलं तर अंबूबाईकडं उत्तर तयार असे, "झोप काढली." ते पूर्णपणे खोटंही नव्हतं. शेतात गेला तर बांधावर, लग्नाला गेला तर मांडवात, आणि एकदा तर भावकीची भांडणं मिटवायला बसलेल्या बैठकीत, ऐन आईबहिणीच्या शिव्या चालू असताना, तो भिंतीला टेकून घोरला होता. रागवायचं कसं हे त्याला आलंच नाही. जमीन विका म्हणून गळ घालायला बजरंग आला तेव्हा त्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, "बघू की" म्हणाला आणि आडवा झाला. शेवटी बजरंगच कंटाळून गेला. जमीन अजून आहे. त्यात हौशीरामाचं कर्तृत्व किती आणि झोपेचं किती, हे सांगणं अवघड आहे.

गावात धोतर नेसणारा तो शेवटचा माणूस. आणि त्याची एक हौस होती. कुणाकडं पोर होणार असं कानावर आलं की तो आपलं धोतर स्वतः धुवायचा आणि मागच्या दोरीवर न टाकता पुढं, रस्त्याकडेच्या कुंपणावर पसरायचा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल असं. मग शेजारी बसून राहायचा. बाया नारळ घेऊन त्याच्या समोरून बंगल्याकडं जायच्या. एवढ्या वर्षांत त्याला कुणी मागितलं नव्हतं.

का मागितलं नव्हतं, हे अंबूबाईला पक्कं ठाऊक होतं. डोंगरवाडीवरची एक बाई एकदा विचारायला आलीसुद्धा होती, "मावशी, आबांचं धोतर लय मऊ दिसतंय, मागू का?" अंबूबाईनं तिला दारातच गाठलं होतं. "त्यांचं नगं गं बाई. पोर जलमभर लोळत पडंल. तू आपली बंगल्यावर जा." ओट्यावर बसलेल्या हौशीरामाला ते ऐकू गेलं होतं. संध्याकाळी त्यानं कुंपणावरचं धोतर काढून त्याची घडी घातली, एवढंच.

अशात अंबूबाईची नात कोमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कोमल शिकलेली. तळेगावात नवऱ्याबरोबर आठव्या मजल्यावर राहते. अंबूबाईनं कापडाचा विषय काढताच ती हसली. "आजी, या असल्या गोष्टींवर माझा अजिबात विश्वास नाही," ती म्हणाली. "पण करायचंच असेल तर बजरंगशेठचाच शर्ट आण."

मुलगी झाली. पाचवीच्या पूजेला तिला अंगात झबलं घालायचं होतं, तोवर ती दवाखान्यातल्या कापडात गुंडाळलेली. अंबूबाई नारळ घेऊन बंगल्यावर गेली. शेठनं आता शर्ट द्यायची पद्धतही सुधारली होती. पोर्चमध्ये त्याच्याच फोटोचा फ्लेक्स, दोन खुर्च्या आणि फोटो काढायला एक जण. अंबूबाईनं पदर घेतला, नारळ पुढं केला आणि नेहमीचे शब्द घडाघडा म्हणून टाकले. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हटले. शेठनं शर्ट दिला, दोघांनी तो थोडा वेळ धरून ठेवला, आणि ती घरी पोचायच्या आत तो फोटो गावभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

घरी येऊन तिनं शर्ट मांडीवर घेतला. कापड साफ धुतलेलं होतं, सुरकुतलेलंही होतं. कॉलर उसवायला तिनं बोट आत घातलं आणि "अगं आयव!" म्हणून हात झटकला. बोटाला रक्त आलं होतं. कॉलरच्या घडीत टाचणी होती. दुकानातल्या नव्या शर्टाला असते ती टाचणी, आणि तिच्यामागं प्लॅस्टिकची पट्टी, जशीच्या तशी.

म्हणजे हा शर्ट कुणाच्याच पाठीला लागला नव्हता. शेठकडं जुने शर्ट केव्हाच संपले असणार, मागणी मात्र वाढतच होती. म्हणून तो नवे आणून, धुऊन, चुरगळून वाटत होता. धंद्याचं डोकं ते! शेजारच्या गावातली जमीन दोघांना विकणाऱ्या माणसाला कुणाचाच नसलेला शर्ट आपला म्हणून देणं कितीसं जड जाणार? अंबूबाईनं बोट तोंडात धरलं आणि तसंच धरून त्याला इतक्या शिव्या दिल्या, की आतून कोमलनं विचारलं, "आजी, काय झालं?"

"काय न्हाई. दोरा गुतलाय," अंबूबाई म्हणाली.

राग होताच, पण त्याखाली भीती होती. टाचणी दिसली नसती तर? आणि दुपार कलली होती, पूजा तोंडावर आलेली. घरात सूनबाईचे गाऊन, नातवाच्या जीन्स, लेकाचा कंपनीचा गणवेश. पोरीच्या अंगाला लावावं असं हातभर कापड नव्हतं. साऱ्या गावाला नेसवणाऱ्या बाईच्या घरात तिची पणती उघडी पडली होती.

तिनं बाहेर पाहिलं. कुंपणावर धोतर वाळत होतं. कोमलला दिवस गेल्यापासून ते रोज तिथंच वाळत होतं.

सरळ जाऊन ओढून आणावं, असं तिच्या मनात आलं. घरचंच तर कापड. पण साऱ्या गावाकडून रिवाज तीच पाळून घेत आली होती. ती ओट्यावर गेली आणि दुसरीकडं बघत म्हणाली, "अवो, त्ये धोतर घेती मी."

हौशीरामानं डोळे उघडले. "घेती? आसं घेत्यात व्हय?"

"मग कसं?"

"तूच सांगती समद्यांस्नी. नारळ कुटंय?"

अंबूबाईचा पारा चढला. पण वेळ नव्हता. ती आत गेली, देवापुढचा नारळ उचलून आणला, डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्यापुढं उभी राहिली. "तुमच्या अंगचं कापड द्या," ती म्हणाली. आणि तिथंच थांबली.

पुढचे शब्द तिनं उभ्या जन्मात कितीदा म्हटले होते, कुणाकुणापुढं म्हटले होते. मास्तरापुढं, पहिलवानापुढं, मघाशी त्या लफंग्यापुढं दोनदा. आणि या माणसाचं धोतर तिनं आयुष्यभर धुतलं, पण त्याच्यासारखं कुणी व्हावं असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. उलट आपला लेक बापावर जाऊ नये म्हणून ती देवाला नवस बोलली होती. लेक गेला नाही बापावर. तो आता कंपनीतून येतो, दार आपटतो आणि रात्रपाळीच्या नावानं बोटं मोडतो. त्याच्या लहानपणीचं पहिलं झबलंही तिनं पाटलांच्या घरचं मागून आणलं होतं. तेव्हाही हा इथंच बसला होता. तिला एकदम फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा आणखी राग आला.

"लेकरू तुमच्यावानी व्हऊ द्या," ती म्हणाली.

हौशीरामानं नारळ घेऊन बाजूला ठेवला. मग उठला, कुंपणावरचं धोतर काढलं, त्याची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी तिच्या पदरात घातलं. "बघ बाई," तो म्हणाला. "पोरगी झोपाळू निघंल."

"निघू द्या. उठवायला मी हाय की."

तिनं दारातल्या उजेडात बसून झबलं शिवलं. धोतर इतकं मऊ होतं की सुई आपोआप पुढं जात होती. शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या, नाड्या लावल्या आणि उरलेल्या कापडाचं टोपडं केलं.

पूजेला बाया जमल्या. दवाखान्यातून आल्यापासून किरकिरणारी पोर झबल्यात शिरली, एक जांभई दिली आणि एवढ्या कलकलाटात झोपून गेली. बायांनी तोंडावर पदर घेतले. "बघा, बजरंगशेठच्या कापडाचा गुण," एक जण म्हणाली. फोटो सगळ्यांनीच पाहिला होता. कोमल म्हणाली, "काही असो, लिनन ते लिनन."

अंबूबाई उठून उभी राहिली. खोटं कापड वाटणाऱ्याचं नाव तिच्या ओठावर आलं होतं, पण ते सांगायला उद्याचा अख्खा दिवस होता. "बजरंगाचा काय संबंध?" ती ओरडली, अगदी ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशी. "ह्यांचं हाय. ह्यांच्या धोतराचं हाय. मी नारळ दिऊन मागून आणलंय."

खोलीत सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेत ओट्यावरून घोरण्याचा आवाज आला. एवढी वर्षं जे ऐकायला तो जागा होता, ते नेमकं तो झोपेत असताना बोललं गेलं होतं.

अंबूबाई तरातरा बाहेर गेली. त्याला खांद्याला धरून हलवून उठवलं आणि साऱ्या बायांदेखत पुन्हा एकदा सांगितलं.