पांढऱ्या शर्टाचा रविवार

नळभाऊंची जीभ अडखळायची, हात मात्र कधी अडखळले नाहीत. तीस वर्षं त्यांनी लोकांचे गळके नळ आणि तुंबलेले पाइप दुरुस्त केले. एखादी म्हातारी एकटी राहत असली तर नळ झाल्यावर दाराची बिजागरी घट्ट करायची, दिवा बदलायचा आणि निघताना विचारायचं, "आणखी का-काही?" अर्ध्या तासात येतो म्हणून गेलेला नवरा दुपारी उगवला की वहिनी, म्हणजे त्यांची बायको, विचारायच्या, "झालं का जग सुधारून?"

"ए-एक नळ झाला," ते म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसत. गाताना जीभ अडत नसे, म्हणून मोकळ्या गळ्याने गात. बोलायची पाळी आली की गप्प. अशा माणसाला एके दिवशी पाळकांनी सांगितलं, "येत्या रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ तुम्ही वाचायचा." नळभाऊंना घाम फुटला, पण नाही म्हणवेना. आठवडाभर ते मोरीचं दार लावून मोठ्याने वाचत राहिले. वहिनींनी पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला.

रविवारी दोघं जिना उतरत होती, तर पहिल्या मजल्यावर मास्तरांच्या दाराखालून पाण्याचा लोट येत होता. हे निवृत्त मास्तर म्हणजे वहिनींच्या डोळ्यात सलणारं कुसळ. दोन वर्षांपूर्वी इमारतीच्या सभेत नळभाऊ बोलायला उभे राहिले, तेव्हा मास्तरांनी त्यांचं अडखळणं हुबेहूब करून दाखवलं होतं. सगळे हसले होते. तेव्हापासून वहिनींनी त्या दाराकडे मान वळवली नव्हती.

नळभाऊंनी कडी वाजवली. दार उघडलं. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून मास्तर घोटाभर पाण्यात उभे. आत त्यांची पाय मोडलेली बायको पलंगावर उशी कवटाळून बसलेली. मास्तरांनी नळभाऊंना पाहिलं आणि मान खाली घातली.

"चला," वहिनी हळूच म्हणाल्या. "दुसरा कुणीतरी येईल."

"रविवारी क-कोण येणार?" नळभाऊंनी शर्ट काढून वहिनींच्या हातात दिला. "ह-हत्यारांची पिशवी आण घरातून."

भिंतीतला जुना पाइप फुटला होता. तोडून नवा बसवायला दोन तास गेले. वहिनी आधी धुसफुसत दारात उभ्या होत्या. मग पदर खोचून त्याही पाणी उपसायला लागल्या. शेवटी न राहवून त्या मास्तरांना म्हणाल्या, "आज यांचं चर्चमध्ये वाचन होतं. आयुष्यात पहिल्यांदा."

मास्तरांचा चेहरा पडला. ते नळभाऊंकडे वळले. "मग थांबलात कशाला? आणि तेही माझ्याकडे?"

"शास्त्र पु-पुढच्या रविवारीही असेल," नळभाऊ पाना पुसत म्हणाले. "पाणी थां-थांबलं नसतं."

मास्तरांनी हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या सभेत मी नीचपणा केला. मला माफ करा. चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं आहे मी. पुढच्या रविवारपर्यंत रोज संध्याकाळी या. आपण एकेक ओळ घेऊ."

नळभाऊ गेले. रोज गेले.

पुढच्या रविवारी ते पुढे जाऊन उभे राहिले. चार ठिकाणी अडले. एकदा तर एवढे अडले की चर्चभर शांतता पसरली, पण कुणी हसलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. ते वाट काढत शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचले.

बाहेर पडताना एका बाईंनी वहिनींचा हात धरला. "किती छान वाचलं हो त्यांनी. अभिमान वाटला असेल ना?"

"वाटला की," वहिनी म्हणाल्या. "पण खरं सांगू? ज्या रविवारी त्यांनी वाचलंच नाही, त्या रविवारी जास्त वाटला."

बाईंना काही कळलं नाही. मग वहिनींनी फाटकापाशी उभं राहून त्यांना पाइपापासून सगळी हकीकत सांगितली, आणि नळभाऊ लाजून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.