रिकार्डची हसायची बाजू

बाळू, कुसुम, आणि आपल्या गावातून उठून कुठे कुठे जाऊन बसलेल्या सगळ्यांनो,

मी माहेर सोडलं ते हसत सोडलं. बाळू, कुसुम, तुम्ही तेव्हा लहान होतात, पण ही गोष्ट गावात इतक्यांदा सांगितली गेलीय की तुम्हाला पाठ असेल. अंगणात टेम्पो उभा, कपाळाला मुंडावळ्या घामाने चिकटलेल्या, आई माझ्या गळ्यात, आणि दोन्ही काकी पदर हातात धरून तयार. तयारच म्हणायचं, कारण आपल्याकडे खरं रडू फुटायचं ते बाबांनी रिकार्ड लावल्यावर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बाबांचा लग्नात रिकार्डी वाजवायचा धंदा. एक मशीन, दोन कर्णे, एक बॅटरी आणि लाकडी पेटीभर रिकार्डी. मुरबाडच्या आतल्या आमच्या त्या गावांत लाइट नव्हती, पण लग्नात बाबांचा कर्णा झाडावर चढलाच पाहिजे. सकाळी देवाचं गाणं, मग हळदीचं, मग वरातीचं, आणि सगळ्यात शेवटी पाठवणीचं. ते पाठवणीचं गाणं म्हणजे मधोमध हिरवा कागद चिकटवलेली एक छोटी रिकार्ड. तिच्यावर सुई टेकली की व्याह्याशी भांडलेला मामासुद्धा डोळे पुसायचा. आजूबाजूच्या किती गावांतल्या लेकी त्या गाण्यावर सासरी गेल्या, मोजदाद नाही.

तर त्या दिवशी बाबांनी सदऱ्याच्या टोकाने हिरवी रिकार्ड पुसली, मशीनवर ठेवली, सुई टेकवली. काकींनी पदर तोंडाला नेला. आणि कर्ण्यातून बोकड ओरडला!

त्या रिकार्डच्या मागच्या बाजूला एक फार्स होता. नवरा बाजारात बैल आणायला जातो आणि बोकड घेऊन येतो, मग बायको त्याला झापते. बाबांनी ती बाजू लावली होती. काकींचे पदर तोंडाशीच अडकले. मग नवरदेव, म्हणजे आमचे हे, फिस्सकन हसले. मग मी. मग आई, माझ्या गळ्यात पडल्या पडल्या. टेम्पो वेशीबाहेर गेला तरी बोकड ओरडतच होता आणि आम्ही पोट धरून हसत होतो.

बाबांची चूक झाली की मुद्दाम केलं, हे मी दर माहेरपणाला विचारायचे. ते एकच उत्तर द्यायचे. "रिकार्ड फिरली, पोरी. आपन काय करनार?" आणि विडी पेटवायचे. तसेच एक दिवस गेलेही, न सांगता.

भिवंडीत आल्यावर त्या हसण्याची किंमत मला कळली. सासूबाई वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमची सून हसत आली हो. आईबापाला सोडताना डोळ्यात टिपूस नाही." मी खाली मान घालून कांड्या भरायचे. कांडी म्हणजे लूमच्या, यंत्रमागाच्या, धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायचं काम आम्हा बायकांचं. कोन गाव सोडून टेम्पो भिवंडीत शिरला तेव्हा मला वाटलं होतं, कुठेतरी जोराचा पाऊस पडतोय. तो लूमचा आवाज होता. तो काही थांबला नाही. आमची खोली धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, खाली लूमचा कारखाना, वर आम्ही. गावात रात्री बेडूक थांबले तरी जाग यायची. इथे लूम थांबले की जाग येते.

ह्यांचे कान त्या लूमनेच खाल्ले. चाळीस वर्षं ड्युटी केली. आता मी काय बोलते ते ओठांवरून वाचतात, आणि नको ते नेमकं वाचतात.

तर या वर्षी गणपती झाल्यावर बाळूचा फोन आला. घर पाडून स्लॅबचं बांधतोय, माळ्यावर बाबांची पेटी सापडली.

"आक्का, एक रिसॉर्टवाला मागतोय रिकार्डी."

"ऐकायला?"

"न्हाय गं. भिंतीला ठोकायला. जुनं जुनं दिसतं म्हनं."

"खिळे मारणार? बाबांच्या रिकार्डींना?"

"मग तू ठेवतेस? वाजवायला काय हाय तुझ्याकडं? मशीन तर कवाच गेली. पेटीत काय लोणचं घालशील?"

मी तोंडाने पुढे पळते हे तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. मी वाजवून दाखवते. वाजली तर पेटी माझी, नाही तर मार खिळे." आणि त्याला सांगितलं, हिरवी रिकार्ड तेवढी आधी पाठव. बाळूने ती दुधाच्या टेम्पोवाल्याकडे दिली, टॉवेलात गुंडाळून. बाकी पेटी रिसॉर्ट आणि माझ्यामध्ये लटकत राहिली.

आता मशीन आणायची कुठून? मुंबईत नवी मिळतात, काचेच्या दुकानात, दागिन्यांसारखी. आपलं काम भिशीच्या पैशात बसलं पाहिजे. पण ही भिवंडी आहे. इथल्या भंगारात शोधलं तर विमानसुद्धा निघेल. तीन शुक्रवार मी भंगारची गोदामं पालथी घातली आणि एक मशीन मिळाली. झाकण फुटलेलं, पट्टा गायब, पण रिकार्ड ठेवायची थाळी सरळ.

सलीमभाईंना बोलावलं. ह्यांच्याच कारखान्यातले रिटायर फिटर. त्यांनी मशीन उलटी-सुलटी केली.

"भाभी, मोटर घूमती है, थाली नहीं घूमती. इसका पट्टा अब कहाँ मिलेगा?"

"सलीमभाई, आपल्या कांडी मशीनवर पट्टा तुटला की आपण काय करायचो?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सूत?"

सूतच! पॉलिस्टरचा बारीक धागा मोटरच्या चाकावरून थाळीभोवती घेतला आणि विणकराची गाठ मारली. ही गाठ मी झोपेतही मारते. बोटाला लागत नाही, मागाच्या फणीत अडकत नाही. थाळी फिरली. पण बरोबर फिरते का? छोट्या रिकार्डला मिनिटाला पंचेचाळीस फेरे लागतात. थाळीवर कागदाचा कपटा चिकटवला, ह्यांच्या हातात घड्याळ दिलं. ऐकू येत नसलं तरी मोजता येतं की! पहिल्यांदा त्रेचाळीस भरले. सलीमभाईंनी चाकावर सुताचा एक वेढा चढवला. पंचेचाळीस. ह्यांनी लूमच्या आवाजाच्या वर ओरडून सांगितलं, "पास!" खालून मुकादम बघायला आला.

आवाज मोठा करायचा अँप्लिफायर मंडपवाल्याच्या अडगळीतून आला. स्पीकरची दोन खोकी बंद पडलेल्या सलूनमधली, अजून त्यांना पावडरचा वास येतो. सुई मात्र मी नवी घेतली. बाबा म्हणायचे, "मशीन कशीपन चालंल, सुईत कंजुषी न्हाय. हलकी सुई गानं खाते." नाक्यावरच्या रेडिओवाल्याने ती मागवून दिली. वर म्हणाला, "मावशी, नुसती सुई लावून भागणार नाही. तिचा आवाज मुंगीएवढा असतो. अँप्लिफायरच्या आधी ही डबी लावायची, मग मुंगीची मांजर होते." डबीही घेतली. भिशी संपली.

दिवाळीला दहा दिवस उरले तेव्हा हिरवी रिकार्ड लावली. पाठवणीचीच बाजू लावली. म्हटलं, जे तेव्हा राहिलं ते आता रडून घेऊ.

आधी खरखर. मग ती बाई गायला लागली, आणि मी पदर हातात घेतला. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्यात लेक उंबऱ्यापाशी येते आणि तिथे सुई अडकली. "उंबरा… उंबरा… उंबरा…"

सलीमभाई लगेच म्हणाले, "लूम का झटका है." आणि मलाही पटलं. आमच्या गल्लीत काहीही झालं तरी दोष लूमचा. दूध उतू गेलं, लूममुळे. सुनेचं पटत नाही, लूममुळे. तेव्हा मशीन हादऱ्यापासून वाचवायची. छताला पोरांच्या पाळण्याची कडी अजून होती. फळीला चार दोऱ्या बांधल्या, कडीला टांगल्या, फळीवर मशीन. शेजारची लता दारातून डोकावली.

"आजी, पाळणा बांधलाय? या वयात?"

"हो, तुझ्या आजोबांना विचार, त्यांचाच आहे."

ह्यांनी ओठ वाचले आणि लाजले.

पुन्हा लावली. "उंबरा… उंबरा…" मग वाटलं, लाइट जाईल तेव्हा लूम थांबतील, तेव्हा लावू. दोन दिवस वाट पाहिली. लाइट गेली, लूम थांबले, मी धावत मशीनपाशी गेले, बटण दाबलं. लाइट गेल्यावर मशीन कशी चालेल, एवढं डोकं आम्हा तिघांपैकी एकालाही नव्हतं!

मग शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी लूमला सुट्टी. दुपारी गल्ली इतकी शांत की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी तीन घरं ऐकू येते. दिवाळीला चारच दिवस उरले होते. सुई टेकवली. गाणं आलं, कडवं आलं. "उंबरा… उंबरा… उंबरा…"

मी रिकार्ड उचलली आणि खिडकीत उन्हात धरली. आणि मला दिसलं. ती बाजू पांढरी पडली होती. रेघा झिजून पाट्यासारख्या गुळगुळीत, आणि उंबऱ्याच्या जागी तर सुईने चर पाडलेला. उलटून पाहिली. फार्सची बाजू काळीभोर, चकचकीत, आरशासारखी. माझं नाक दिसत होतं.

बाळू, कुसुम, मी खिडकीतच बसले. सगळ्या गावांतल्या लेकींना रडवून रडवून ती बाजू संपली होती. बाबा लग्नाच्या आदल्या दिवशी प्रत्येक रिकार्ड वाजवून बघायचे, कधी चुकले नाहीत. म्हणजे माझ्या लग्नाआधीही त्यांनी ती लावली असणार, गोठ्यामागे एकटे बसून. आणि "उंबरा, उंबरा" ऐकून त्यांना कळलं असणार की आपल्या पोरीच्या वाट्याला रडायचं गाणं उरलेलं नाही. दुसरं कुठलंही लावता आलं असतं. वरातीचं होतं, देवाचं होतं. त्यांनी तीच रिकार्ड फिरवली. आपन काय करनार म्हणे!

मग मी दोघांना फोन लावला, एकत्र. कुसुम सुरतेत पोळ्या लाटत होती. म्हटलं, काही बोलू नका, ऐका. आणि हसायची बाजू लावली.

बोकड ओरडला. असा स्वच्छ ओरडला की खालच्या गल्लीतला खराखुरा कुत्रा भुंकला. बाळूला हसताना ठसका लागला. कुसुम म्हणाली, "आक्का, माझ्या लग्नात टेप आला होता. मला दोन्ही बाजू रडायच्याच मिळाल्या!" आणि हे? ह्यांनी तळहात स्पीकरच्या खोक्यावर ठेवला होता. बायको नवऱ्याला झापायला लागते त्याच्या जरा आधीच हे हसले. चांगल्या कानांनी हे एकदाच ऐकलं होतं त्यांनी, आमच्या अंगणात. तरी जागा चुकली नाही.

"आक्का," बाळू म्हणाला, "रिसॉर्टवाल्याला 'न्हाय' म्हनून सांगतो. पेटी मीच घेऊन येतो."

आता पेटी आमच्या खाटेखाली आहे. दर शुक्रवारी दुपारी पाळण्यातली मशीन फिरते. लता येते, सलीमभाई येतात, मुकादमाची आई जिना चढून येते. एरवी, लूम चालू असतानाही लावते मी कधी कधी. खाली लूम, वर बाबांची रिकार्ड, दोन्ही मिळून एक आवाज होतो. आधी मला वाटायचं की एक घर मागे राहिलं आणि एक पुढे मिळालं. आता त्या आवाजातलं कुठलं कुठलं, ते मला निवडता येत नाही, आणि मी निवडायला बसतही नाही.

तुम्ही सगळे या. शुक्रवारी या, म्हणजे ओरडून बोलावं लागणार नाही. कल्याणहून येणाऱ्यांनी कोनच्या पुढे शेअर रिक्षावाल्याला धामणकर नाका सांगायचा, गल्लीत कुणालाही पाळण्यात गाणी लावणारी म्हातारी विचारायची. फक्त दारातूनच "कशी आहेस" विचारून परत फिरू नका. उंबऱ्यावर अडकायची बाजू मी आता लावत नाही.

तुमची आक्का