चौदातली तीन घरं

व्हर्नेटा गेन्सची आणि माझी ओळख झाली ती माझ्या फजितीने. अमेरिकेत, टोलेडो शहरातल्या आमच्या जनमत चाचणीच्या कचेरीत मी तेव्हा नवी होते. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि फोनवर प्रश्न विचारणाऱ्या बायका ते जसेच्या तसे वाचतात की नाही हे चोरून ऐकायचं, हे माझं काम. आठवडाभर मी सात नंबरच्या टेबलावरचा आवाज ऐकत होते. स्वच्छ, शांत, कुठल्याच गावचा नसलेला आवाज. शेवटी न राहवून त्या बाईचं कौतुक करायला उठले. टेबलापाशी एक ठेंगणी, काळी, चष्मा लावलेली बाई सँडविच खात बसली होती. तिलाच मी विचारलं, "इथल्या बाई कुठे गेल्या?"

"मीच ती," ती म्हणाली. "बस गं. लाजू नकोस. तुला आठवडा लागला, मॅनेजरला महिना लागला होता."

मी स्वतः तिच्यापेक्षा फार उजळ आहे अशातला भाग नाही. तरी त्या आवाजाला मी मनातल्या मनात गोरा चेहरा चिकटवून मोकळी झाले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

हा आवाज तिने कमावलेला होता. जन्म मिसिसिपीतला. चार वर्षांची असताना आई तिला घेऊन इकडे उत्तरेत आली आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागली. व्हर्नेटा एकोणिसाव्या वर्षी टेलिफोन कंपनीत ऑपरेटर झाली. तिथे दोन महिने नुसतं बोलायला शिकवलं. मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आजपासून तुम्ही कुठल्याही गावच्या नाही. व्हर्नेटा सगळ्यांत आधी शिकली. पण तो आवाज ती कोटासारखा वापरायची. कामावर चढवायचा, सुटताना काढून ठेवायचा. खाली गाडीपाशी येईपर्यंत तिचं आईकडचं बोलणं परत यायचं, लांबवलेले स्वर आणि पोटातून येणारं हसू. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत हे माहीत असूनही माझा कधीकधी विश्वास बसायचा नाही.

तिचा नवरा कर्टिस मोटारींच्या कारखान्यात होता. सत्याऐंशी साली दोघांनी पोलिश वस्तीतल्या एका गल्लीत घर घेतलं. गल्लीत त्यांचं धरून पंधरा घरं, आणि काळं कुटुंब हे एकटंच. घराचा व्यवहार पुरा झाल्यावर दलालाने कर्टिसला हळूच सांगितलं की गल्लीत एक कागद फिरला होता. असल्यांना घर विकू नये, असं जुन्या मालकाला बजावणारा. चौदा घरांपैकी अकरा घरांनी त्यावर सह्या केल्या होत्या. कोणत्या अकरांनी, ते दलालाने सांगितलं नाही आणि कागद काही कधी हाती लागला नाही.

ह्या नवरा-बायकोचं भांडण कशावरून होतं असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, त्या उरलेल्या तीन घरांवरून. बावीस वर्षं ते भांडण चाललं होतं. व्हर्नेटाचं म्हणणं, कोपऱ्यावरचा न्हावी एक, ती शाळामास्तरीण दोन, आणि आपली लोरेन तीन. कर्टिस म्हणायचा, न्हावी आणि मास्तरीण ठीक, पण लोरेनचं काढू नकोस.

लोरेन विश्नेव्स्की म्हणजे त्यांची लागूनची शेजारीण. हे राहायला आले त्या संध्याकाळी ताटभर पिएरोगी, म्हणजे त्यांच्या त्या उकडलेल्या पोलिश करंज्या, घेऊन कुंपणाशी आली ती पहिली. पुढे दोघी बायका इतक्या एक झाल्या की व्हर्नेटाच्या घराची किल्ली लोरेनच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. लोरेनचा नवरा स्टॅन गेला तेव्हा अंत्यविधीला पहिल्या रांगेत तिच्या शेजारी व्हर्नेटा होती. आता लोरेन चौऱ्याहत्तरची, एका कानाने बहिरी. तिची औषधं, तिचे दवाखाने, सगळं व्हर्नेटा बघायची.

"पिएरोगी काय, पश्चात्तापानेही आणता येतात," कर्टिस म्हणायचा.

"तुझं डोकंच फिरलंय. सगळीकडे तुला तेच दिसतं."

"आणि तुला कुठेच दिसत नाही. तुझ्या त्या चाचणीत मला फोन येऊ दे एकदा. गोरं-काळं किती उरलंय असं विचारलं की 'खूप' म्हणून सांगतो बघ."

"सांग की. मी 'थोडाफार' सांगते. दोघांची मिळून बेरीज करतील."

दोन हजार नऊचा शरद आला तेव्हा मात्र ह्या भांडणावर खरंच काहीतरी ठरायचं होतं. कर्टिसच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता. कोलंबसला राहणाऱ्या मुलीने ह्या दोघांसाठी खाली एक खोली काढायची तयारी केली होती. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत हो की नाही ते सांगा, म्हणजे कामाला माणसं लावते, असं तिने बजावलं होतं. कर्टिस एका पायावर तयार होता, म्हणजे असता, पाय धड असता तर. व्हर्नेटा अडून बसली. आपली गल्ली आहे, आपली माणसं आहेत, लोरेनला कोण बघणार, हे तिचं पालुपद.

"ती अकरांतली आहे, व्हर्नेटा."

"तिनांतली आहे. आणि जोवर तू मला कागद दाखवत नाहीस तोवर मी इथून हलत नाही."

त्याच शरदात आमच्याकडे एका विद्यापीठाची चाचणी आली. देशाने पहिल्यांदाच काळा राष्ट्राध्यक्ष निवडला होता आणि आता वर्णद्वेष किती उरलाय हे प्रोफेसर लोकांना मोजायचं होतं. प्रश्न होता, "आपल्या मते आज आपल्या शहरात वर्णद्वेष किती उरला आहे? खूप, थोडाफार, अगदी कमी, की अजिबात नाही?" त्यानंतर, "याबद्दल आणखी काही सांगायचं आहे का?" लोक जे बोलतील ते शब्दन् शब्द टाइप करायचं. आणि सगळ्यांत शेवटी एक भलताच प्रश्न होता, "आपल्याशी बोलणारी व्यक्ती कोणत्या वर्णाची असावी असं आपल्याला वाटतं?"

दोन आठवडे मी ती उत्तरं ऐकली आणि मला वाटायला लागलं की दोन वेगळ्या शहरांची चाचणी चाललीय. एका शहरात हे सगळं आजोबांच्या काळातच संपलं होतं. दुसऱ्या शहरात ते आज सकाळी दुकानात घडलं होतं. खोटं कुणी बोलत नव्हतं, हेच मला भारी पडायचं. मला विचाराल तर मी 'थोडाफार' म्हणाले असते. ज्याला वाद नको असतो त्याचं हे उत्तर.

व्हर्नेटाला दुसरंच काही दिसलं होतं. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "आपली माणसं मला गोरी समजून तोलून मापून बोलतात. गोरी माणसं मला गोरी समजून पाय पसरून बोलतात. ह्या नोकरीत व्हर्नेटाशी कुणीच बोलत नाही बघ."

त्या मंगळवारी दुपारी मी सात नंबरवरच कान लावला होता. आमच्याकडे फोन कॉम्प्युटर लावतो. नंबर कुणाचा ते बायकांना दिसत नाही. पलीकडून आवाज आला, "हॅलो? जरा मोठ्याने बोला हं, माझा डावा कान गेलाय."

व्हर्नेटा बोलेना. तीन सेकंद, चार सेकंद. मला वाटलं लाइन तुटली. आमचा नियम साधा आहे. ओळखीचं माणूस निघालं तर क्षमा मागून फोन ठेवायचा. पण पलीकडे कोण आहे हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मग तिचा तो स्वच्छ आवाज सुरू झाला, "नमस्कार. आपली दहा-बारा मिनिटं मिळतील का?"

"अहो घ्या की. माझ्याकडे वेळच वेळ आहे."

वय, शिक्षण, घरात माणसं किती, असं करत करत तो प्रश्न आला. बाई चटकन म्हणाली, "अजिबात नाही."

"याबद्दल आणखी काही सांगायचं आहे का?"

"सांगायचं म्हणजे... आता माझंच बघा ना. माझी शेजारीण काळी आहे. बावीस वर्षं झाली. सख्ख्या बहिणीने केलं नसतं इतकं ती माझं करते. तिच्या घराची किल्ली असते माझ्याकडे. मग आता कुठे राहिलंय हो गोरं-काळं?"

व्हर्नेटाची बोटं टाइप करत होती. किल्लीचं ऐकलं आणि पलीकडे कोण आहे ते मला कळलं.

"पूर्वी होतं हं," बाई पुढे म्हणाली. "नाही म्हणून कसं चालेल? ते लोक यायचे होते तेव्हा आमच्या गल्लीत कागद काढला होता. आमच्या स्टॅननेच घरोघर फिरवला. मीही सही केली. जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला, पेन माझ्या हातात दिलं. काय करणार? केली आपली. मग ती दोघं आली, सामान उतरवताना मी खिडकीतून तिला पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिएरोगी केल्या आणि गेले घेऊन. तिला हे कधी सांगितलं नाही बाई मी. कित्येकदा ओठांवर आलं. पण तिला कशाला दुखवा? आता तर ते सगळं संपलंच ना."

"ठीक आहे," व्हर्नेटा म्हणाली. आम्हाला एवढंच म्हणायची परवानगी असते. मग तिने शेवटचा प्रश्न वाचला.

"तुम्ही होय?" बाई हसली. "तुम्ही गोऱ्याच. म्हणून तर एवढं बोलले. बरं वाटलं हो मोकळं होऊन."

"आपल्या वेळेबद्दल आभारी आहोत," व्हर्नेटा म्हणाली आणि तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मी धावतच गेले. तिने पडद्याकडे बोट दाखवलं. सगळं टाइप केलेलं होतं, एक शब्द गाळला नव्हता. माझं काम काय होतं ते मला पाठ होतं, वर कळवायचं. मी कळवलं नाही. ओळखीची व्यक्ती असं कारण घालून ती मुलाखत रद्द केली आणि तिला घरी पाठवलं. चाचणीतून एक 'अजिबात नाही' कमी झालं.

पुढचं सगळं तिने मला तुटक तुटक सांगितलं. घरी गेल्यावर तिने कर्टिसला एवढंच म्हटलं, "अकरांतली." बावीस वर्षं हा माणूस जिंकायची वाट बघत होता. मला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेईल. तर तो गुडघे चोळत म्हणाला, "माझंच चुकलेलं निघावं असं वाटत होतं गं मला."

रविवारी ती लोरेनकडे गेली. नेहमीच्या खुर्चीत बसली आणि सांगून टाकलं, मंगळवारी फोनवर मी होते.

लोरेन पहिलं काय बोलली तर, "म्हणजे तू मला फसवलंस!"

"मी प्रश्न वाचले, लोरेन. समोर होते ते वाचले."

मग लोरेन रडली, माफी मागितली, पुन्हा रडली. स्टॅनला दोन शिव्या घातल्या. आणि डोळे पुसून म्हणाली, "तो गेला. कागद गेला. आपण दोघी इथे बसलोय कॉफी पीत. मग माझं उत्तर चुकलं कुठे, तू सांग."

"काय सांगितलंस?" मी व्हर्नेटाला विचारलं.

"काही नाही. तिचं घर, तिची कॉफी. तिथून तिला जसं दिसतं तसंच ती सांगत होती."

सणाच्या आधीच तिने मुलीला हो कळवलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी गाडीपाशी उभ्या होतो. मला राहवेना. मी म्हटलं, "एका सहीपायी घर सोडतेस? तीही नवऱ्याने करायला लावलेली? ती बाई बावीस वर्षं तेच फेडत होती गं. मी असते तर माफ केलं असतं." मी फटकळ आहे, मला असलं आत ठेवता येत नाही.

"माफ तर मी तिथेच केलं, खुर्चीत बसल्या बसल्या," ती म्हणाली. "सहीचं नाही मला काही. सही मी कधीच गिळली असती."

"मग?"

तिने गाडीचं दार उघडलं, पर्स आत टाकली. आवाज तिचा घरचा होता.

"बावीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात बसलेय. स्टॅन गेला त्या रात्री तिला पोटाशी धरून बसले होते. तेव्हाही ती माझ्याशी हे बोलली नाही. आणि फोनवर कोण कुठली एक गोरी बाई, नाव माहीत नाही, तोंड बघितलेलं नाही, तिच्याशी बारा मिनिटांत मन मोकळं केलं. खरं सांगू? मला त्या बाईचा हेवा वाटला."