पुढाऱ्याकडे न्यायची टोपली

माझी मुलगी एक वर्ष राणी होती. हसू नका. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरापासून तासाभरावर सफरचंदांच्या बागांचं खोरं आहे. तिथे दर वसंतात झाडं फुलली की उत्सव होतो, गावोगावच्या मुली उभ्या राहतात आणि त्यांतल्या एकीला मुकुट घालतात. दोन हजार पंधरानंतरच्या एका वर्षी तो आमच्या मुलीच्या डोक्यावर आला. मी वसईची. आमच्याकडे राणी म्हणजे पत्त्यांतली, त्यामुळे आधी मलाही हसूच आलं होतं.

पण तिनं तो मुकुट मनावर घेतला. इतर मुलींचे वडील कोणी दातांचे डॉक्टर, कोणी गाड्या विकणारे. आमची मात्र नववीपासून शरद ऋतूत शनिवार-रविवार बागेत फळं तोडायला जायची, कारण मी त्याच बागेच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होते. पट्ट्यावरून सफरचंदं सरकत येतात, आम्ही बायका त्यांतली डागी, खरचटलेली, वेडीवाकडी उचलून बाजूला टाकतो. ती रसाला जातात, आणि रसाच्या फळाला मिळणारा भाव हा न मिळाल्यासारखाच असतो. सफरचंदाबद्दल बोलण्याचा हक्क त्या मुलींत कोणाला असेल तर तो हिला होता, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

मुकुट चढला आणि थोड्याच दिवसांत, ऐन जूनमध्ये, फ्रॉस्ट पडला, रातोरात सगळं गोठवणारं दंव. सकाळी कामावर गेले तर बाग पांढरीशुभ्र फुललेली. मला कळेना, सगळे असे सुतकी चेहरे करून का उभे आहेत. आमचा मालक सत्तरीचा, फारसा न बोलणारा. त्यानं एक फूल खुडलं, नखानं उकललं आणि माझ्यापुढे धरलं. पाकळ्या ताज्या, आतला गाभा काळा. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी तळहातावर पाहिलं.

जी फुलं जगली त्यांची फळं धरली, पण बहुतेकांना अंगाभोवती तपकिरी, खरखरीत कडं पडलं. त्याला फ्रॉस्ट रिंग म्हणतात. चवीत काडीचा फरक नाही, पण दुकानं घेत नाहीत. त्या शरदात पट्ट्यावर आमचे हात उलटे चालत होते, कारण चांगलंच वेचून बाजूला काढणं सोपं झालं होतं. मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, की सरकारची मदत आली नाही तर ख्रिसमसनंतर शेड उघडणार नाही. त्यानं पत्रं पाठवली होती, फोन केले होते. उत्तर एकच, आम्ही लक्ष ठेवून आहोत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. शेडमध्ये माझ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईचं घर त्या एका पगारावर चालायचं. आमचंही अर्धं.

आता त्या उत्सवाची एक रीत अशी, की हंगामात राणीनं नव्या सफरचंदांची टोपली घेऊन हॅलिफॅक्सला जायचं आणि ती एका मोठ्या पुढाऱ्याच्या हातात द्यायची. तो चार गोड शब्द बोलतो, राणी मिनिटभर बोलते, पेपरवाला फोटो काढतो. पुढाऱ्याचं नाव आणि खातं मी सांगत नाही. कोणाचंही लावा, फारसं चुकणार नाही.

"आय गेट वन मिनिट, ममा," मुलगी म्हणाली. "ॲन्ड ही हॅज टू स्टॅन्ड देअर."

तिनं ते मिनिट महिनाभर घोकलं. बेसमेंटमध्ये कपडे धुताना मला वरून तिचा आवाज यायचा. "सर, धिस इज व्हॉट द फ्रॉस्ट डिड." मग पुन्हा पहिल्यापासून.

भेटीच्या आधी उत्सवाच्या कमिटीच्या बाईंचा फोन आला. या बाई मुलींना सगळीकडे घेऊन जायच्या, मनानं वाईट नव्हत्या. म्हणाल्या, पुढाऱ्यांच्या ऑफिसातून विचारणा झाली आहे, की राणी गाऊनऐवजी तिच्या देशाचा पारंपरिक पोशाख घालील का? फोटोत फार सुंदर दिसेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा देश म्हणजे कुठला? ती हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात जन्मली आहे. राहता राहिला पारंपरिक पोशाख, तर माझं लग्न चर्चमध्ये, पांढऱ्या गाऊनमध्ये झालं, माझ्या आईचंही. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या म्हातारीनं हिच्यासाठी पोपटी गाऊन शिवला होता, दर वर्षी राणीसाठी ती शिवते. मग तो पारंपरिक नाही तर काय?

आमचे हे मात्र हरखले. "अगं, मान देतायत. तिकडे व्हिटबी गावात माझ्या चुलतबहिणीकडे पैठणी आहे, ती कुरिअर करेल. पिक्चर पेपरात येईल!"

"पैठणी तुमच्या घरात कोणी कधी नेसलं होतं?" मी म्हटलं. "तुमची आजी लाल चौकड्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून केळीच्या वाडीत पाणी धरायची. ते नेसून पाठवते, चालेल का त्यांना?"

मुलीनं स्वतःच बाईंना फोन केला आणि नम्रपणे सांगितलं, की ती खोऱ्याची राणी म्हणून जाते आहे, त्यामुळे खोऱ्याचाच गाऊन घालेल. साडीचा विषय संपला, माझा राग काही संपला नाही. सफरचंद आणायला बोलावता आणि बघायचं असतं भलतंच!

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी शेडमध्ये टोपली भरायला बसलो. मालकानं सांगितलं होतं, हवी ती घ्या. मी माझ्या सवयीनं वेचायला लागले. लालबुंद, डाग नसलेली, एकेक पुसून वर रचली. आमच्या वसईकडे आगेरा असतो, भाताच्या नव्या लोंब्या सण करून चर्चमध्ये नेतात. त्या लोंब्या माझी आई निवडून घ्यायची, एक दाणा पोचट चालायचा नाही. पहिलं पीक वर न्यायचं ते निर्मळच, हे माझ्या हातांना माहीत होतं. मी दोन्ही हातांनी तेच करत होते आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

मुलीनं टोपली आपल्याकडे ओढली आणि माझी रचलेली सगळी सफरचंदं परत पेटीत ओतली.

"अगं, काय करतेस! वाहायचं ते चांगलं वाहावं. देवाला कोणी डागी देतं का?"

"ही इज नॉट गॉड, ममा."

अठरा वर्षांची पोर, आणि मला पन्नाशीत हे तिच्याकडून ऐकावं लागलं. खरंच की. देवापुढे निर्मळ न्यायचं, कारण त्याला उरलेलं आधीच दिसत असतं. या माणसाला ते दाखवावं लागणार होतं. मग मीच कडं पडलेली वेचून दिली, चांगली ठसठशीत कड्यांची.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या गाडीतून हॅलिफॅक्सला गेलो, बरोबर दोघी राजकन्या, म्हणजे राणीमागोमाग निवडलेल्या दोन मुली. वाटेत बाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि त्यांचा चेहरा पडला. "ओ डिअर," त्या म्हणाल्या. "इट्स सपोज्ड टू बी अ हॅपी व्हिजिट." मुलगी म्हणाली, "देन ही कॅन मेक इट वन." बाईंनी फडकं परत झाकलं.

ते दालन मोठं होतं. लाल गालिचा, भिंतीवर मेलेल्या पुढाऱ्यांच्या तसबिरी. मी तिचा कोट हातावर घेऊन भिंतीला लागून उभी राहिले. जिवंत पुढारी उशिरा आले, दोन मदतनीस मागे. आल्या आल्या त्यांनी माझ्या मुलीला हात जोडून वाकून "नमस्ते" केलं आणि विचारलं, तुमचा तो दिव्यांचा सण आता जवळ आला ना? आम्ही कॅथलिक. आमचे दिवे ख्रिसमसला लागतात. ती फक्त "हॅलो, सर" म्हणाली. बरोबरच्या दोघी राजकन्यांना मात्र त्यांनी विचारलं, यंदा सफरचंदं कशी आहेत? त्या पोरी गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीचे वडील दात काढायचे, ती काय सांगणार!

मग तिचं मिनिट आलं. ती बोलली. एक शब्द चुकली नाही. फूल आतून कसं काळं पडलं, कडं कशानं येतं, बागवाले जूनपासून उत्तराची वाट बघतायत. शेवटी म्हणाली, "माय मदर वर्क्स इन द शेड. इट क्लोजेस आफ्टर ख्रिसमस इफ नोबडी आन्सर्स. सो आय ॲम आस्किंग यू, सर."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. नाही म्हणेल, पण बोलेल.

"लव्हली," ते म्हणाले. "सो वेल स्पोकन. वी आर वॉचिंग धिस व्हेरी क्लोजली." आणि फोटोवाल्याकडे वळले.

तिनं टोपलीतलं वरचं सफरचंद त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते न्याहाळलं आणि बोटांनी सहज फिरवलं. कडं आत तळव्याकडे गेलं, लाल बाजू कॅमेऱ्याकडे आली. किती सराईतपणे! मी पट्ट्यावर उभी राहून वर्षं काढली, इतक्या सफाईनं डाग लपवायला मलाही जमलं नसतं. मुलीनं हात पुढे करून ते परत फिरवलं.

"लेट्स गो अगेन," फोटोवाला म्हणाला. त्यांनी पुन्हा फिरवलं. तिनं पुन्हा. ते हसले, पण आता हसू फक्त दातांत होतं. मदतनीस पोरीला त्यांनी हळूच विचारलं, "डू वी हॅव अ नायसर वन?" ती धावली आणि कोपऱ्यातल्या फळांच्या ताटातून एक सफरचंद घेऊन आली. मोठं, मेण लावून चकचकीत केलेलं, अंगावर दुकानाचं स्टिकर. ते कुठून आलं होतं कोण जाणे, आमच्या खोऱ्यातून नक्कीच नाही. पुढाऱ्यांनी स्टिकर नखानं काढलं, मदतनिसाच्या हातात दिलं आणि सफरचंद माझ्या मुलीपुढे धरलं. "हिअर. होल्ड धिस वन, डिअर."

मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही, कारण ते मिनिट तिचं होतं.

तिनं ते घेतलं नाही. त्यांच्या दुसऱ्या हातातलं कडं पडलेलं सफरचंद काढून घेतलं आणि सर्वांसमोर त्याला कचकन दात लावला. शांतपणे चावलं, गिळलं. "इट्स स्वीट," ती म्हणाली आणि न चावलेली बाजू त्यांच्यापुढे केली. "प्लीज, सर. ट्राय इट."

पुढाऱ्यांनी त्या सफरचंदाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आय जस्ट हॅड लंच," ते म्हणाले. तिचा हात तसाच पुढे होता. मुकुटाखालचा तिचा चेहरा लाल झाला होता, पण हात खाली येत नव्हता. बाई म्हणाल्या, "स्वीटहार्ट, दॅट्स इनफ." तरी येत नव्हता.

मी कोट खाली टाकला. गालिचा ओलांडून गेले, तिच्या हातातून ते सफरचंद घेतलं, आणि पुढाऱ्यांच्या समोर उभी राहून, त्यांच्याकडे बघत, कड्यासकट सगळं खाल्लं.